हललेले

तालुक्याच्या कॉलेजमागची बाग. अर्ध्या पाट्या गंजलेल्या.
गणेरीवर एक पान नाही, नुसती पिवळी फुलं,
आणि वारा असा
की मोबाईल धरलेला हातसुद्धा फांदीसारखा.

सतरा फोटो. सतराही हललेले.
जवसाचं निळं तर
वहीवर सांडलेली शाई.

मडावीकाका पाण्याचा पाइप तसाच टाकून आले.
"वाऱ्याले म्हनून पाहा, थांब म्हनून. आयकते का थो?"
मग डोक्याचा दुपट्टा सोडला,
दोन्ही हातांत ताणून धरला
आणि वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.
दुपट्टा फुगला. काका अर्धं पाऊल मागे.
"काढा लवकर. मी का भित आहो?"

घरी येऊन पाहिलं.
गणेरीचं फूल जरासं हललेलंच.
देठाला घट्ट धरून बसलेली मुंगी मात्र स्वच्छ,
आणि कडेला, न बोलावता आलेला,
दुपट्ट्याचं टोक आवळणारा एक अंगठा,
नखात ओली माती.

प्रकल्पाच्या वहीत रकाने होते: नाव, कूळ, तारीख.
नाव लिहिलं. तारीख लिहिली.
कूळ उद्या मॅडमना विचारून.
शेऱ्याच्या जागी लिहिलं,
वारा होता.
मग थोडं थांबून, त्याच ओळीत,
काका होते.