इतिवृत्तात दुरुस्ती

बावीस वर्षं मी शाळा-मंडळाचं इतिवृत्त लिहिते.
दर महिन्याचा दुसरा सोमवार, संध्याकाळी सात,
शाळेच्या ग्रंथालयात घडीच्या खुर्च्या,
कॉफीचा थर्मास, आणि वारा फिरला
की पॅकिंग प्लांटचा तो वास,
ज्याला आमच्या नेब्रास्कातल्या या गावात
पगाराचा वास म्हणतात.

मी लॉर्ना वाव्रा. मला मत नाही.
कोण आलं, कोणी मांडलं, कोणी अनुमोदन दिलं,
किती वाजता उठलो,
एवढंच माझं.

मार्चमध्ये विषय क्रमांक सात होता:
नागरिकशास्त्राचा वर्ग बंद करून
त्याच्या जागी संगणकावरचे चार तास.
मुलांनी आपापल्या सवडीने क्लिक करावं.
ओडेल सर मागच्या रांगेत बसले होते,
टोपी गुडघ्यावर, गप्प.
ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं;
त्यांचं नाव मला लिहिता येतं.

उठली ती एक मुलगी.
नाव एक्सने सुरू होणारं,
कानाला मात्र स.
तीन मिनिटं. टेबलावर हिरवा दिवा.

मला वाटलं, ही आता लोकशाही म्हणेल,
उद्याचे नागरिक वगैरे;
मी ते शब्द आधीच अर्धे टंकून ठेवले होते.
ती म्हणाली, आमच्या घरी पाण्याचं बिल आलं,
चारशे बारा डॉलर.
बाबा म्हणाले, भरून टाकू, भांडण नको.
बाबा प्लांटमध्ये रात्रपाळीला असतात,
सरकारी कागद दिसला की आधी हात धुतात.
मी तो कागद उलटा केला.
मागे, फिक्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत
लिहिलं होतं: हरकत घ्यायची असल्यास चौदा दिवस.
कागद उलटा करायचा असतो,
हे मला चौथ्या तासाला शिकवलं.

पिवळा दिवा.

मीटर दुसऱ्याच घराचं निघालं, ती म्हणाली.
पण मी ते सांगायला आले नाही.
आमचंच निघालं असतं, तरी
विचारता तर आलं असतं, आणि

लाल.
अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद.
पाच विरुद्ध दोन. ठराव मंजूर.
मी वेळ लिहिली: आठ एकोणचाळीस.

एप्रिलच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच,
मागील इतिवृत्त कायम करणे.
अध्यक्ष विचारतात, काही दुरुस्ती?
आणि विचारता विचारता पान उलटतात.
बावीस वर्षांत त्या प्रश्नाचं मोल
कुणी शिंकल्यावर पुटपुटतात तेवढंच.

मागून आवाज आला: आहे.

तीच. हातात माझं छापील पान,
दोन ठिकाणी पेन्सिलीची खूण.
दुरुस्ती फक्त सदस्याला सुचवता येते, अध्यक्ष म्हणाले.
माहीत आहे, ती म्हणाली,
म्हणून मिसेस एंगस्ट्रॉमना फोन केला होता.
मिसेस एंगस्ट्रॉम, त्या पाचांतल्याच एक,
यांनी कुणाकडेही न बघता हात वर केला.

पहिली दुरुस्ती, नाव.
तिने अक्षरं एकेक करून सांगितली,
सात अक्षरं,
मी एकेक करून खोडली आणि लिहिली.
सोचित्ल. फूल असा अर्थ होतो म्हणे.
ते काही इतिवृत्तात घेतलं नाही.

दुसरी. तुम्ही लिहिलंय, मी तक्रार केली.
मी तक्रार केली नव्हती.
मी हरकत घेतली होती.

खोलीत थर्मासचं झाकण कुणीतरी फिरवत होतं, ते थांबलं.
सात विरुद्ध शून्य.

वर्ग परत आला नाही.
ओडेल सर आता गाडी चालवायला शिकवतात.
चार तासांचं ते क्लिक
मुलं चाळीस मिनिटांत उरकतात, असं ऐकते.

त्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या खालच्या खणातून
एक पाकीट काढलं. पेन्शन खात्याचं,
हॅरॉल्ड गेला त्या वर्षीचं, आता सहा वर्षं जुनं.
पुढची बाजू मला तोंडपाठ होती.
चष्मा पुसला.
कागद उलटा केला.