चौदा पौंड

काझिमीरचा चेंडू आता माझ्या डिकीत असतो.
डावीकडे वळले की धप्प.
उजवीकडे वळले की जरा उशिराने, धप्प.
माझ्या विनोदांना त्याची दादही
अशीच उशिरा यायची.

चेंडू त्याच्या मुलीने दिला.
चर्चच्या तळघरात, कागदी बशीत बटाट्याचं सॅलड घेऊन
आम्ही दोघी कोट न काढता उभ्या होतो.
म्हणाली, "बाबा सांगून गेलेत, हा ओडेसाला द्या."
त्याला मुलगी आहे
हे मला तेव्हा कळलं.

एकोणीस वर्षं, दर बुधवारी, सात नंबरची लेन.
मिलवॉकीच्या दक्षिणेला, टायरच्या दुकानामागे
ती ठेंगणी इमारत, भाड्याच्या बुटांचा वास.
मला त्याची सरासरी पाठ होती : एकशे एकाहत्तर.
कुठला गुडघा दुखतो ते माहीत होतं,
पॅकर्स रविवारी हरले
तर बुधवारपर्यंत बोलायचं नाही, हेही.
घर कुठे, ते मात्र नाही.
आमच्याकडे माणसं एकमेकांना
एकेका वारापुरती मिळतात.
त्या वाराला पुरेपूर मिळतात, एवढं खरं.

तो दिवसा इंजिनांच्या कारखान्यात,
शनिवारी लोकांच्या लग्नांत अकॉर्डियन घेऊन.
पोल्का. देवा रे.
पहिल्याच हिवाळ्यात मी सांगून टाकलं,
तुझं संगीत म्हणजे जिन्यावरून घरंगळणारा पत्र्याचा डबा.
तो खडूच्या पिशवीत हात चोळत म्हणाला,
आणि तुमचा कॉयर एक शब्द धरतो
तो अर्धा तास सोडत नाही.
देवालाही वाटत असेल,
कळलं, बाई, कळलं.

मग दोन फ्रेम अबोला.
मग त्याने स्ट्राइक मारला, आणि मी विसरून टाळी दिली.

एका फेब्रुवारीत वीज गेली.
पिना अर्ध्या उभ्या, अर्ध्या यंत्राच्या तोंडात,
बाहेर बर्फ असा की गाड्या ओळखू येईनात.
त्याने ट्रकमधून पेटारा आणला.
दोन टॉर्चच्या उजेडात काहीतरी सावकाश वाजवलं,
लग्नातलं नव्हतं ते.
मी गुणगुणले. ठरवून नाही.
त्याच्या तीन मात्रांवरून माझा स्वर पुढे निघून गेला,
तो थांबला नाही, फक्त भाता लांबवला
आणि मला परत येऊ दिलं.
पुढच्या बुधवारी कुणीच विषय काढला नाही.
त्याने तळलेल्या चीजची बशी माझ्याकडे सरकवली, बस्स.

त्याच्यानंतर एकदा मी तो चेंडू लेनवर नेला.
बोटं घातली तर आत हरवलीच.
अंगठ्याचं भोक असं ऐसपैस,
की मोठ्या भावाचे बूट घालून शाळेत जावं.
दुकानातला थर्मन म्हणाला,
"चाळीस डॉलर. ही बुजवतो, तुझ्या मापाची पाडतो."
त्याने ड्रिल हातात घेतलं सुद्धा.
मी म्हटलं, आज नको, घाईत आहे.
घाई कसली.
घरी येऊन मक्याचं सूप गरम केलं
आणि उभ्यानेच प्यायले.

आठ महिने झाले.
भाऊ म्हणतो, फुकट वजन वाहतेस, पेट्रोल जाळतेस.
खरं आहे त्याचं.

मी सिटी बस चालवते, सत्तावीस नंबर.
लिंकन ॲव्हेन्यूवर रोज डावीकडे मोठं वळण आहे.
चाळीस फुटांची बस वळते,
सगळे उभे प्रवासी एका बाजूला झुकतात,
आणि माझा कान
मागे जाऊन थांबतो.

काही वाजत नाही.
कुणीतरी म्हातारी उतरताना "थँक यू" म्हणते,
दाराची हवा फुस्सकन सुटते,
भाता मिटल्यासारखी.