रोहिणी, नीला

शाळेच्या पुस्तकात रोहिणी लाल होती, नीला निळी.
दोघी मला कुणाच्या तरी लेकी वाटायच्या,
एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या.

हडर्सफील्डच्या इस्पितळात एका धुकट मंगळवारी
मिस ब्रॅडशॉने माझ्या डाव्या मनगटात
दोघींना एकत्र शिवून टाकलं.
डायलिसिसच्या सुईला जाडजूड शीर लागते म्हणाली,
सहा आठवडे थांबा.
पुढचा शब्द मी मनात मराठीत केला:
मुरू द्या.

मी काहीच केलं नाही.
रबरी चेंडू दाबला, पिशव्या उजव्या हाताने उचलल्या.
नीला मात्र बदलत गेली.
भिंत जाड झाली, अंग भरलं, चालीला ठेका आला.
तिने रोहिणीची नक्कल केली नाही हो,
तिच्या ठायी राहिली, इतकंच.
जोर तिकडून येत होता.
आणि किंमतही तिकडेच पडली असावी:
थंडीत कधी बोटांची टोकं गार होतात,
त्यांच्या वाट्यातलं कुणीतरी इकडे वळवल्यासारखी.

ठायी.
हा शब्द मी बाजारात कधी वापरला नाही.
तो जालन्याच्या मिशन कंपाउंडात
रणपिसे पाळकांच्या तोंडी असायचा:
ख्रिस्ताच्या ठायी, ख्रिस्ताच्या ठायी,
जणू तो माणूस नसून एखादं गाव
आणि आम्ही सगळे तिथल्या रेशनकार्डावर.
ठायी म्हणजे कुठे, मी बाबांना विचारलं होतं.
पोचलीस की कळेल, म्हणाले,
आणि सायकलची चेन बसवत राहिले.
त्यांनाही माहीत नसावं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार तास, दोन सुया.
शेजारच्या खुर्चीत क्लिफर्ड, गिरणीतला जुना विणकर,
देवाला न मानणारा,
इंग्रजी शब्दकोड्यात अडला की विचारणार कुणाला, तर मला.
एकदा त्याने बाही वर केली:
बघ, माझं कसं गुरगुरतं.
मी बोट ठेवलं. मग त्याने माझ्या मनगटावर.
तीच भुणभुण.
"पोळं आहे आत," तो म्हणाला.
फेब्रुवारीत त्याची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली.
त्याच्याविषयी देवाला काय सांगावं
ते मला अजून सुचलेलं नाही.

दिवसाला पाणी मला अर्धा लिटर.
चॅपलमध्ये आम्ही अकरा जण, कोट न काढता बसलेले.
प्रभुभोजनाचा इवलासा पेला,
तोही मी वहीत मांडते: रविवार, पंधरा मिलिलीटर.
सिस्टर ड्वोर्निक वही तपासताना थांबली.
हे काय?
रक्त, मी म्हटलं.
ती हसली, मग हसायची थांबली,
आणि बेरजेत ते तसंच धरलं.

कित्येक पहाटे प्रार्थना जिभेवरच वाळते.
तो जवळ आहे असं वाटत नाही.
आता वाटतं, जवळ हा शब्दच चुकला.
जवळ तर विल्सनही होते, एकतीस वर्षं, शेजारच्या उशीवर,
आणि आम्ही आपापल्या भिंतीकडे तोंड करून झोपायचो.
शिवलेलं जवळ नसतं.
टाका कुठे संपला नि मी कुठे सुरू झाले
हे मिस ब्रॅडशॉलाही आता दाखवता येणार नाही.

साडेचारला उठते.
खिडकीबाहेर कॅसल हिलचा बुरूज अजून काळाच.
दिवा न लावता
उजव्या हाताचं बोट डाव्या मनगटावर ठेवते.

आहे.

मग किटली लावते,
अर्ध्याच कपाची.