मेनूत नसलेलं

गुरुवारी कारखाना लवकर सुटतो
आणि मी 'न्यू शापला'त जाऊन बसते,
रेडिएटरजवळच्या टेबलावर.
ग्रिम्सबीत वारा समुद्रावरून थेट आत येतो,
कोणाला न विचारता.

पाटीवर लिहिलंय इंडियन.
मोतलिबभाई सिल्हेटचे.
म्हणतात, पाटी सासऱ्यांनी लावली,
तेव्हा इथे बांगलादेश कुणाला वाचता यायचा नाही.

मेनूतला मद्रास मद्रासला कधी गेलेला नाही.
विंदालू गोव्याच्या वाटेवर चुकून बटाट्यात शिरला.
मी सगळं मुकाट्याने खाते,
वर लोणचं मागून घेते.
शेजारच्या टेबलावरची मॉरीन विचारते,
तुमच्याकडे घरी रोज हेच का?
मी हो म्हणते.
खरं सांगायचं तर हर्णैपासून सुरुवात करावी लागेल
आणि तिचे पापड सादळतील.

माझं काम गोठलेल्या कॉडच्या लाद्या तपासण्याचं.
उणे अठरा. शिक्का. पुढची लादी.
आठ तास नुसते मासे, आणि वास म्हणून नाही.
वास आला तर माल परत.

त्या रात्री बस चुकली.
खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या होत्या,
नाझिफा गल्ल्यापाशी रसायनशास्त्राची वही पुसत होती,
स्वयंपाकघराच्या दारात कांद्याचं पोतं अडकलं होतं
म्हणून ते मिटलं नाही,
आणि आतून तो आला.

आधी नाकाला कळलं, मग गुडघ्यांना.
वलांडीवर उलटे टांगलेले बोंबील,
खारट ऊन,
आणि पुण्यातलं ते भाड्याचं घर,
जिथे सुकट भाजायची तर आई आधी
खिडक्या लावायची,
दाराच्या फटीला ओला टॉवेल,
दोन उदबत्त्या,
आणि घरमालकीण जिन्यात खोकली की गॅस बंद.

मोतलिबभाई धावले. पोतं ओढलं, दार लावलं,
लिंबाच्या वासाचा फवारा मारला चारी कोपऱ्यांत.
सॉरी, सॉरी, स्टाफचं जेवण.
ती घाई मला पाठ होती.

सुकट? मी म्हटलं.
शुटकी, ते म्हणाले.
रोज एकाच बसने जाणारी दोन माणसं
आज पहिल्यांदा बोलावीत, तसे ते दोन शब्द.

राईस की नान? नाझिफाने सवयीने विचारलं.
भात, मी म्हटलं.
आतून एक आवाज आला, भात?
आणि तीन वर्षांत एकदाही न दिसलेली तिची आई
ओढणीला हात पुसत दारात उभी राहिली.

तेलाच्या डब्यावर बसून जेवले. हाताने.
वांगं, शुटकी, आणि एक मिरची
जिचं नाव विचारेपर्यंत डोळ्यांतून पाणी.
नाझिफा नाक दाबून वर पळाली,
मासळीच्या गावात जन्मलेली पोर.
तिची आई आणि मी
फार काही बोललो नाही. आमच्याकडे
सात-आठ शब्द होते, त्यातला एक मीठ,
आणि तोही तिचा वेगळा निघाला.

बिलावरून भांडण झालं.
हे मेनूत नाही, लावू काय, मोतलिबभाई म्हणाले.
शेवटी यंत्रात टाकलं,
साधा भात, एक.

शेवटच्या बसमध्ये शेजारच्या बाईने
माझ्याकडे न बघता खिडकी उघडली.
मी उघडू दिली.