उटी

तुर्भ्याच्या मसाला बाजारात, मागच्या गल्लीतला गाळा.
शनिवारी संध्याकाळी सातला वेलजीभाईंनी किल्ली दिली,
म्हणाले, सोमवारी सातला गाडी लागणार,
ब्याडगीची साठ पोती.
म्हणजे हातात छत्तीस तास
आणि कोबा बत्तीस वर्षांचा.

आधी मी तो वाजवून बघते.
गुडघ्यांवर बसून, हातोडीने, फूटभर सरकत.
धड असेल तिथे खणकन बोलतो,
सुटला असेल तिथे घशातल्या घशात,
पिकल्या कलिंगडासारखा.
तिथे खडूचा गोल.
गोल इतके झाले की तौसिफ म्हणाला,
"मॅडम, चांगल्या जागेलाच खडू लावा ना,
खडू तरी वाचेल."

ग्राइंडर फिरला आणि मिरची उठली.
भेगाभेगांत दडून बसलेली जुनी मिरची,
धणे, हळद, कुणाच्या फाटक्या पोत्यातलं जिरं.
चौघंही शिंकत होतो. मास्क नावाला.
व्हॅक्यूमच्या पिशवीत जमली ती पूड
ना सिमेंट, ना मसाला.

भेग बुजवायची तर आधी रुंद करावी लागते.
हे गिऱ्हाइकाला कधीच पटत नाही.
कडा उभ्या कापायच्या, सैल तेवढं सगळं काढायचं
खालची खडी दिसेपर्यंत.
नुसतं वरून लिंपलं
तर पहिल्याच ट्रॉलीला पापुद्रा हातात.

रात्री कोब्यावर प्लास्टिक अंथरलं,
चारी कडांना टेप.
पहाटे उचललं तर आतून थेंब.
खाली खाडी आहे.
भराव घालणारे निवृत्त झाले, नकाशे बदलले,
पाणी अजून वर येऊन बघून जातं
आपल्या जागी कोण राहतंय.
ओलीवर चालणारा प्रायमर मी गाडीत ठेवतेच,
तो मारला. त्याचे पैसे धरले नाहीत.
वेलजीभाईंना थेंब दाखवले असते
तर म्हणाले असते, पुसून घ्या.

मग राळ आणि हार्डनर.
एकदा कालवलं की वीस मिनिटं.
डबा हाताला गरम लागायला लागतो,
आईचा फोन वाजून वाजून थांबतो.
वीस मिनिटांत जे खड्ड्यात गेलं ते गेलं,
उरलं ते डब्यातच दगड.

सांध्यांत मात्र मऊ भरण.
ऊन-थंडीत कोबा अंग ताणतो, चोरतो,
तेवढी जागा त्याला ठेवावीच लागते,
नाहीतर तो स्वतः शोधतो.

सोमवारी हिंदुराव शेलार हातगाडी घेऊन आले.
दाराशी वळले, दांडा खाली टेकवला
आणि सवयीने पाठ फिरवली.
गाडी निघाली.
चार पोत्यांसकट, आवाज न करता,
करड्या चकचकीत जमिनीवरून सरळ वजनकाट्याकडे.
त्यांनी धावत जाऊन नडगी आडवी घातली.

मग परत दाराशी आले, वाकले,
जमिनीवरून तळवा फिरवला.
"हितं खड्डा हुता."
तक्रार नव्हती. कुणाच्या घरी जावं
आणि माणूस नसावं, तसं.
"सत्तावीस वरसं माजं चाक हितंच बसायचं."

माझ्या तक्त्यात एकशे चौदा खड्डे होते,
लांबी, रुंदी, खोली मिलिमीटरमध्ये.
कुणाच्या कामाचा, हा रकाना नव्हता.

तौसिफने पॅलेटच्या फळीतून तिरपा तुकडा कापला,
कडा घासल्या, भोक पाडून सुतळी ओवली.
उटी.
हिंदुरावांनी ती चाकाखाली सारली,
गाडीला एक धक्का दिला, दुसरा दिला.
हलली नाही.
"आता कुठंबी थांबंल," ते म्हणाले,
आणि उटी दांड्याला बांधता बांधता
पायाने पुन्हा एकदा
ती जागा चाचपून पाहिली.