बत्तीस इंचांखाली

मंक्युअरच्या अलीकडे, पाइनच्या रानात,
साडेचार एकरांचा एक प्लॉट.
त्यात चार खड्डे लायल टिसडेलचे,
मार्चमध्ये खणलेले, सेप्टिक टाकीचं पाणी
कुठे मुरेल ते बघायला.
तीन नापास. वरच्या कोपऱ्यातला चौथा पास.

रोवीना हॅथकॉक फाइल माझ्यापुढे सरकवतात :
"माती एकदा तपासून झालीय की.
हा काउंटीचा शिक्का. पुन्हा बाराशे डॉलर कशाला?"

कसं सांगू.
लायल चिमूटभर माती ओलवतो,
अंगठ्यानं बोटावरून पुढे ढकलत नेतो,
पट्टी किती लांबते, कुठे तुटते.
मग रंगांचं पुस्तक काढून ढेकूळ
एकेका चौकोनाला लावून बघतो,
मॅचिंग सेंटरमधून ब्लाउजपीस घेऊन
बाई दाराशी उजेडात येते, तसा.
त्याला एवढंच हवं असतं : पाणी जाईल का?

मी तीच माती काचेवर वळते,
तीन मिलिमीटरची दोरी, भुगा होईपर्यंत.
कराडच्या लॅबमध्ये शिंगटे सर म्हणायचे,
"वळवटं करायला बसलायत असं समजा.
फक्त खायची नाहीत."
माझं विचारणं वेगळं : भार पेलशील का?

त्याच्या कागदावर ती नुसती चिकणमाती, अयोग्य.
माझ्या तक्त्यात तिला दोन अक्षरं मिळतात, सी आणि एच,
म्हणजे ओली झाली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी.
पाण्याला वाट न देणारी माती
कधी घर छान धरून ठेवते, बाई,
आणि कधी घरच उचलते. एक कोपरा. हळूच.
दरवाजे लागेनासे होतात,
लोक सुताराला बोलावतात.

"पण पास झालाय ना एक खड्डा?"
झालाय. तिथे तुमचं सांडपाणी राहणार.
तुम्ही राहणार या नापास तिघांवर.

हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं.
मग पान उलटलं. लायलचं तिरकं अक्षर, पेन्सिलीनं :
बत्तीस इंचांखाली करडे ठिपके.

माझ्या तक्त्यात करड्याला रकाना नाही.
ऑगस्टात मी ड्रिल लावलं असतं,
भोक कोरडं निघालं असतं,
आणि मी लिहिलं असतं, "पाणी आढळले नाही."
प्रामाणिकपणे. सहीशिक्क्यानिशी.

फोन केला. तो नातवाच्या बेसबॉलला होता,
मागे कुणीतरी धावत सुटलेलं.
"करडं म्हणजे लोखंड धुऊन गेलं," तो म्हणाला.
"दर हिवाळ्यात तिथे पाणी येऊन बसतं, महिना-दोन महिने.
मातीनं श्वास रोखला की रंग जातो तिचा.
उन्हाळ्यात कितीही वाळू दे, परत येत नाही...
थांब, आउट झाला वाटतं."

बाराशे डॉलर कमी झाले नाहीत.
पायाभोवतीच्या चराचा खर्च उलट वाढला.
रोवीनाबाईंनी चेक लिहिताना
माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी रिग आली. ड्रिलवाल्या पोरानं
लायलचा बुजवलेला खड्डा शोधून काढला,
वरचं गवत तेवढंच जास्त हिरवं.
"इथेच लावू? सोपं जाईल."
नको, म्हटलं, पंधरा फूट सोड.
एकदा उकरलेली माती
काय वाट्टेल ते सांगते.