सराव परीक्षा क्रमांक अकरा

दोनशे प्रश्न, तीन तास,
आणि मोबाईलच्या कोपऱ्यात लाल आकडे
उलटे उतरतात,
जसा कमरेचा पेशंट पहिल्या दिवशी
दवाखान्याची पायरी उतरतो,
कठडा धरून, मागे तोंड करून.

प्रश्नसंच मी दारव्ह्याच्या स्टँडवर उतरवून घेते.
गावात रेंज फक्त टाकीच्या जिन्यावर,
सातव्या पायरीच्या वर.
परवाना मिळाला की दारावर पाटी लावीन.
तोवर मी चक्कीवाल्या ढोकांच्या लेखी
‘ते मालिशवाली पोरगी’.

पहिल्या परीक्षेत एकशे नऊ.
आकडा कपाटाच्या दारावर, आतून, पेन्सिलीनं लिहिला.
आई तिथंच दुधाचा हिशेब लिहिते.
दोन्ही एका रांगेत आले.
डेअरीचा पोरगा परवा चक्रावला,
एका सांजेला एकशे एकोणतीस लिटर?

रात्री तूर निवडता निवडता आई पर्याय वाचते.
सातवी पास.
खांद्याच्या स्नायूंची नावं
ओल्या भुईमुगासारखी एकेक सोलत.
अर्थाशी तिला देणंघेणं नाही, पण
‘सी’ म्हणाले की मान वर न करता म्हणते,
‘अंदाज मारून रायली तू.’
दर वेळी बरोबर.
तुला कसं कळतं गं?
‘खरं येते तवा तू जोरात नाही बोलत.’

चुकांची वही वेगळी.
फुप्फुसातला कफ काढायला कोणत्या कुशीवर निजवावं:
दोनदा चूक.
भाजलेला कोपर वाकवून बांधावा की सरळ:
एकदा.
पुन्हा चुकणार नाही, कारण त्याच आठवड्यात
पोळ्याच्या तळणीत भाजलेला नलूचा हात आला.
सरळच ठेवला.
आठ दिवस तिनं मला शिव्या घातल्या,
नवव्या दिवशी त्याच हातानं वेणी घातली.

पण एक प्रश्न दर संचात
नाव बदलून, वय बदलून येतो:
उजवा खुबा दुखतो, काठी कोणत्या हातात?
डाव्या.
पुस्तकात डाव्या, आकृतीत डाव्या,
वजनाच्या सगळ्या बाणांनी डाव्या.
आणि माझं बोट उजव्यावर जातं,
कारण डोळ्यांपुढं रंभाजी कोतवाल उभे राहतात,
तीस वर्षांची दवंडी थांबली तरी
काठी उजव्या मुठीतच.

पंधरा दिवस त्यांना आमच्या अंगणात चालवलं.
काठी, पाय, पाय.
सोळाव्या दिवशी गल्लीत बघते तर पुन्हा उजवा.
‘काका, डावा!’
‘अवं बाई, कुत्रे उजव्या अंगानं येतात.’

खरंच की.
चक्कीपासून पारापर्यंत चार कुत्री,
चारही उजवीकडेच निजलेली.
हा पर्याय कोणत्याच संचात नाही,
ना ‘यापैकी सर्व’ मध्ये,
ना ‘यापैकी एकही नाही’ मध्ये.

आज एकशे त्रेसष्टावा प्रश्न तोच.
या वेळी एका बाईंचं नाव, वय बासष्ट.
आई थांबली. तुरीतला खडा बोटांत धरून.
मी डोळे मिटले,
रंभाजींना एका बिनकुत्र्यांच्या गावात नेलं,
रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना नुसतं गवत,
आणि काठी हळूच डाव्या हातात दिली.
‘बी’, म्हणाले.
जोरात नाही.
आईनं खडा उंबऱ्यापलीकडे टाकला.

एकशे एकोणसाठ.

सकाळी ते फाटकाशी आले.
डाव्या हातात काठी.
उजव्या हातात बाभळीचा फोक, काटे तासलेले.
‘हे खुब्याची,’ म्हणाले, ‘अन् हे त्याहिची.’
मी त्यांना पारापर्यंत जाताना मोजलं.
लंगड कमी.
एक कुत्रं उठलं, पुन्हा निजलं.

चुकांच्या वहीत हे लिहायला घेतलं,
मग पेन्सिल तशीच कानावर ठेवली.
टाकीवर जायचं होतं,
बारावा संच तिथून उतरतो का बघायला.